भारतातील कम्युनिस्ट पक्षांच्या फुटी आणि विलीनीकरणांचा वंशवृक्ष कसा मांडावा

भारतातल्या कम्युनिस्ट चळवळीवर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी असो, आपल्या तालुक्यातल्या किसान सभेचा इतिहास जमवणारा कार्यकर्ता असो, किंवा घरातल्या जुन्या कागदांत सापडलेले सभासद-कार्ड नेमके कोणत्या पक्षाचे हे शोधणारा कुणी असो, सगळे एकाच ठिकाणी अडतात: कोणता पक्ष कोणातून निघाला, केव्हा निघाला आणि पुढे कोणात मिसळला. तयार तक्ते मिळतात, परंतु ते बहुधा नेत्यांची नावे आणि ठरावांच्या तारखा यांपाशीच थांबतात. फूट ठरावाने जाहीर होते हे खरे. तिचा निकाल मात्र जिल्हा कमिटीत, युनियनच्या कचेरीत आणि गावशाखेत लागतो, आणि तिथपर्यंत न पोचणारा वंशवृक्ष अपुरा राहतो, असे माझे ठाम मत आहे. म्हणून येथे सांगितलेली पद्धत पक्षाच्या कागदपत्रांपासून सुरू होऊन जिल्ह्यापर्यंत जाते.

सुरुवात कोठून धरावी

पहिली रेघ ओढण्याआधीच एक वाद समोर येतो. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष, म्हणजे माकप, पक्षाची स्थापना १७ ऑक्टोबर १९२० रोजी ताश्कंदमध्ये मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पुढाकाराने झाली असे मानतो, तर भारतीय कम्युनिस्ट पक्ष, म्हणजे भाकप, डिसेंबर १९२५ च्या कानपूर परिषदेपासून आपले वय मोजतो. त्यामुळे दोन्ही पक्षांनी एकाच चळवळीची शताब्दी वेगवेगळ्या वर्षी साजरी केली. तक्त्यात यांपैकी एकच तारीख लिहिली, तर आपण नकळत एक बाजू घेतलेली असते. दोन्ही तारखा लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे ती कोण मानते हे नोंदवावे.

अधिवेशनांच्या क्रमांकांतही हीच काळजी घ्यावी लागते. १९६४ च्या अखेरीस दोन वेगळ्या शहरांत दोन वेगळ्या पक्षांची अधिवेशने झाली आणि दोघांनीही आपापल्या अधिवेशनाला ‘सातवे’ म्हटले, कारण आधीच्या सहा अधिवेशनांचा वारसा कुणीच सोडायला तयार नव्हता. ती मोजणी आजतागायत तशीच चालू आहे: २०२५ च्या एप्रिलमध्ये माकपचे चोविसावे अधिवेशन मदुराईला झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भाकपचे पंचविसावे चंदीगडला. म्हणून नुसते ‘सातवे अधिवेशन’ असे कधीही लिहू नये. शहराचे नाव जोडल्याशिवाय ती नोंद निरुपयोगी ठरते.

क्रांतिकारी समाजवादी पक्ष, फॉरवर्ड ब्लॉक किंवा आपल्याकडचा शेतकरी कामगार पक्ष यांना या वृक्षाच्या फांद्या म्हणून दाखवू नये. शेकाप १९४७ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडलेल्यांनी उभा केला आणि १९५० च्या दाभाडी अधिवेशनात त्याने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. त्याचे मूळ वेगळे आहे. परंतु माणसे या सीमा ओलांडून जात असतात. क्रांतिसिंह नाना पाटील शेकापमध्ये होते आणि १९६७ मध्ये ते बीडमधून भाकपचे खासदार म्हणून निवडून आले. अशा ये-जा करणाऱ्या व्यक्तींसाठी वेगळ्या रंगाची तुटक रेघ ठेवावी.

एका फुटीच्या अनेक तारखा

फुटीची एकच तारीख लिहिण्याचा मोह टाळावा. मतभेद लेखी स्वरूपात प्रथम केव्हा आले, कमिटी प्रत्यक्ष केव्हा दुभंगली आणि नवा पक्ष रीतसर केव्हा स्थापन झाला, या तिन्ही तारखा निरनिराळ्या असतात आणि त्यांच्यामधल्या काळातच खरे राजकारण घडते. १९६४ च्या फुटीवर ही पद्धत वापरून पाहावी, कारण भारतातली सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त कागदपत्रे मागे ठेवून गेलेली फूट तीच आहे.

मतभेदाची सुरुवात पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात सापडते. प्रश्न होता नेहरूंच्या काँग्रेसकडे कसे पाहावे, हा. सोव्हिएत संघाने नेहरूंच्या परराष्ट्र धोरणाची स्तुती सुरू केली होती आणि देशात मात्र पक्षाचे कार्यकर्ते त्याच काँग्रेसच्या पोलिसांच्या लाठ्या खात होते. १९५९ च्या जुलैमध्ये केरळचे नंबुद्रिपाद सरकार बरखास्त झाले, त्याने हा प्रश्न आणखी टोकदार केला. १९६१ च्या विजयवाडा अधिवेशनात पक्ष फुटण्याच्या बेतात होता. सरचिटणीस अजय घोष यांच्या भाषणाचा आधार घेऊन कशीबशी तडजोड झाली. जानेवारी १९६२ मध्ये घोष वारले. त्यानंतर श्रीपाद अमृत डांगे यांच्यासाठी अध्यक्षपद निर्माण करण्यात आले आणि ई. एम. एस. नंबुद्रिपाद सरचिटणीस झाले. काँग्रेसशी सहकार्य करू पाहणारा आणि तिला विरोध करणारा अशा दोन प्रवाहांना दोन पदे देऊन केलेली ही वाटणी तक्त्यात अवश्य नोंदवावी, कारण फुटीपूर्वीची अशी व्यवस्था पुढल्या अनेक प्रसंगांतही दिसते.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध पेटले. पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने चीनचा निषेध करणारा ठराव केला आणि पाठोपाठ सरकारने भारत संरक्षण नियमांखाली डाव्या गटाच्या, म्हणजे काँग्रेसला विरोध करणाऱ्या प्रवाहाच्या, शेकडो नेत्यांना तुरुंगात टाकले. ते आत असताना बाहेरच्यांनी पश्चिम बंगालमध्ये नवी संघटक समिती नेमली. मला ही घटना युद्धावरच्या ठरावाइतकीच महत्त्वाची वाटते. विचारांचे मतभेद पक्ष वर्षानुवर्षे पोटात ठेवू शकतो. आपल्या गैरहजेरीत आपली कमिटी बदलली गेली, ही गोष्ट कार्यकर्ता विसरत नाही.

मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या ‘करंट’ साप्ताहिकाने काही पत्रे छापली. कानपूर कटाच्या खटल्यात १९२४ मध्ये तुरुंगात असताना डांगे यांनी ब्रिटिश सरकारला सहकार्य देऊ केले, असे त्या पत्रांवरून दिसत होते. डांगे यांनी पत्रे बनावट असल्याचे सांगितले. एप्रिलमध्ये दिल्लीत राष्ट्रीय परिषदेची बैठक भरली, तेव्हा या पत्रांची चर्चा होताना डांगे यांनी अध्यक्षस्थानी बसू नये अशी मागणी झाली, ती फेटाळली गेली आणि ११ एप्रिलला ३२ सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. जुलैमध्ये आंध्रातल्या तेनालीला त्यांचे संमेलन झाले. ३१ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर या काळात कलकत्त्याला त्यांचे, म्हणजे पुढल्या माकपचे, सातवे अधिवेशन भरले आणि पी. सुंदरय्या सरचिटणीस झाले. डिसेंबरमध्ये मुंबईत उरलेल्या पक्षाचे, म्हणजे भाकपचे, सातवे अधिवेशन झाले. या सगळ्या घटना ‘१९६४: फूट’ एवढ्या दोन शब्दांत कोंबल्या, तर पत्रांमुळे पक्ष फुटला असा वाचकाचा समज होतो. पत्रांनी निमित्त पुरवले. कारण दहा वर्षे आधीपासून साठत आलेले होते.

कार्यक्रमाचा दस्तऐवज कसा वाचावा

प्रत्येक पक्ष स्वतःच्या जन्माचे समर्थन पक्षकार्यक्रमात करतो. हा दस्तऐवज रूक्ष असतो, पण तो सोडून चालत नाही. वाचताना काही ठरावीक प्रश्न हाताशी ठेवावेत: भारतीय राज्यसत्ता कोणत्या वर्गाच्या हातात आहे, क्रांतीचा टप्पा कोणता, त्या क्रांतीचे नेतृत्व कोणाकडे असेल, मित्र कोण आणि मार्ग कोणता. उत्तरे एका कागदावर शेजारी शेजारी लिहिली की फरक स्वच्छ दिसतो. फुटीच्या वेळी भाकपने ‘राष्ट्रीय लोकशाही क्रांती’ची भूमिका घेतली, ज्यात मक्तेदारीविरोधी राष्ट्रीय भांडवलदारांनाही नेतृत्वात वाटा होता. माकपने ‘जनता लोकशाही क्रांती’ म्हटले. राज्यसत्ता भांडवलदार-जमीनदारांची असून तिचे पुढारपण बड्या भांडवलदारांकडे आहे आणि क्रांतीचे नेतृत्व कामगारवर्गानेच करायला हवे, असे मांडले. नक्षलवादी गटांनी देश अर्धसरंजामी, अर्धवसाहती आहे असे सांगून सशस्त्र शेतकरी लढ्याचा मार्ग धरला. पुढे कोणत्या पक्षाने कोणाशी निवडणूक समझोता केला, याची बरीचशी उकल या उत्तरांतून होते. भाकपने केरळात काँग्रेसच्या सोबतीने सरकार चालवले आणि आणीबाणीला पाठिंबा दिला. राष्ट्रीय लोकशाहीची कल्पना समजल्याशिवाय हे निर्णय नुसती संधिसाधूगिरी वाटतात.

विरोधकांनी चिकटवलेली विशेषणे मात्र जशीच्या तशी उचलू नयेत. ‘दुरुस्तीवादी’, ‘साहसवादी’, ‘चीनवादी’ हे शब्द भांडणातले आहेत, वर्गीकरणातले नव्हेत. वर्तमानपत्रांनी १९६४ ची फूट ‘रशियावादी विरुद्ध चीनवादी’ अशी रंगवली आणि ती समजूत अजूनही पाठ्यपुस्तकी लिखाणात टिकून आहे. प्रत्यक्षात १९६७ मध्ये नक्षलबारीचा उठाव झाल्यावर चिनी पक्षाने माकपवरच उघड टीकेची झोड उठवली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मदुराईला माकपच्या केंद्रीय समितीने चिनी पक्षाशी असलेले आपले मतभेद ठरावाने मांडले. चीनचा आशीर्वाद पुढे काही काळ मिळाला तो भाकप (माले), म्हणजे मार्क्सवादी-लेनिनवादी, या तिसऱ्या पक्षाला.

जनसंघटना आणि जिल्हे

पक्ष फुटला म्हणजे युनियन त्याच दिवशी फुटते असे नाही, आणि ही तफावत मोजणे हा या कामातला सर्वांत फलदायी भाग आहे. १९२० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या आयटक या कामगार महासंघात दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते १९६४ नंतरही जवळपास सहा वर्षे एकत्र राहिले. १९७० च्या मे महिन्यात कलकत्त्याला सिटू या माकपच्या वेगळ्या कामगार महासंघाची स्थापना झाली आणि भालचंद्र त्र्यंबक रणदिवे तिचे अध्यक्ष झाले. याच वर्षी विद्यार्थ्यांमध्येही एसएफआय ही वेगळी संघटना उभी राहिली. तेव्हा तक्त्यात पक्षाखाली जनसंघटनांची स्वतंत्र पट्टी आखावी आणि तिच्यावर फुटीची तारीख वेगळी नोंदवावी. संघटनेची नोंदणी कोणाच्या नावावर राहिली, कचेरीची किल्ली कोणाकडे गेली, मुखपत्र कोणी चालू ठेवले आणि निवडणूक चिन्ह कोणाला मिळाले, हे प्रश्न किरकोळ समजू नयेत. कणीस-विळा भाकपकडे राहिला आणि माकपने हातोडा-विळा-तारा घेतला. गावातला मतदार पक्ष ओळखतो तो चिन्हावरून.

जिल्ह्यांचे चित्र तर राज्यागणिक पार उलटे होते. केरळात मार्च १९६५ च्या विधानसभा निवडणुकीत माकपला ४० जागा मिळाल्या आणि भाकपला अवघ्या ३, तेही माकपचे अनेक उमेदवार तुरुंगात असताना. महाराष्ट्रात १९६७ च्या विधानसभेत भाकपला १० जागा होत्या आणि माकपला १. एकच फूट, दोन्हीकडे तेच दोन कार्यक्रम, तरीही दोन राज्यांत असे विरुद्ध निकाल का लागले, याचे उत्तर दिल्लीच्या ठरावांत नाही. महाराष्ट्रात गिरणी कामगारांतली संघटना डांगे यांच्या पिढीने उभी केलेली होती, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचे नेतृत्व घराघरांत पोचले होते, आणि तो लाल बावटा सहजासहजी हलणारा नव्हता. त्याच वेळी ठाणे जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या वारली आदिवासींत १९४५ पासून शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी बांधलेली किसान सभा त्या दोघांबरोबर माकपकडे गेली. शामराव ऑगस्ट १९६५ मध्ये स्थानबद्ध असतानाच वारले, तरीही तो पट्टा माकपकडेच राहिला. मुंबईची गिरणगावची वस्ती आणि शंभरेक किलोमीटरवरचे आदिवासी पाडे यांनी एकाच फुटीला दिलेली ही दोन उत्तरे म्हणजे आपल्या अभ्यासाचे खरे साहित्य आहे. कोणत्याही जिल्ह्याचा अभ्यास करताना आधी हे विचारावे की फुटीच्या आधी तेथील संघटना कोणी, कोणत्या लढ्यात बांधली. ते समजले की माणसे कोणाबरोबर गेली याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो.

महाराष्ट्रात आणखी एक फूट अशी आहे जिला राष्ट्रीय तक्त्यांत जागा मिळत नाही आणि ती मिळायला हवी. शरद पाटील यांनी जातीच्या प्रश्नावर माकप सोडला आणि १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. मार्क्सबरोबर फुले आणि आंबेडकर घेतल्याशिवाय भारतातली क्रांती समजणार नाही, ही त्यांची मांडणी होती. रशिया, चीन किंवा काँग्रेस यांपैकी कशावरही ही फूट बेतलेली नाही. वर दिलेली प्रश्नावली हिच्यावर चालवून पाहिली तर ती अपुरी पडते. अशा वेळी ‘जात’ हा प्रश्न यादीत वाढवावा आणि मग इतर सर्व पक्षांच्या कार्यक्रमांत त्याचे उत्तर शोधावे.

१९६९ नंतरची नावे

येथून पुढे काम किचकट होते. भाकप (माले) ची स्थापना २२ एप्रिल १९६९ ला, लेनिनच्या जन्मदिनी झाली आणि कानू सन्याल यांनी ती १ मे रोजी कलकत्त्याच्या सभेत जाहीर केली. आंध्रातले टी. नागी रेड्डी आणि त्यांचे सहकारी त्याआधीच वगळले गेले होते. कन्हाई चटर्जी यांचा गट आत आलाच नाही. त्याने ऑक्टोबर १९६९ मध्ये माओवादी कम्युनिस्ट सेंटर, म्हणजे एमसीसी, सुरू केले. जुलै १९७२ मध्ये चारू मजुमदार पोलीस कोठडीत मरण पावले आणि पक्षाचे अनेक तुकडे झाले, त्यांतल्या बहुतेकांनी नाव मात्र भाकप (माले) हेच ठेवले. म्हणून या काळातल्या प्रत्येक गटाची नोंद करताना पक्षाच्या नावाबरोबर मुखपत्राचे किंवा प्रमुख नेत्याचे नाव आणि वर्षे लिहावीत: लिबरेशन गट (१९७४ पासून), कोंडापल्ली सीतारामय्या यांचा पीपल्स वॉर (१९८० पासून), पार्टी युनिटी (१९९८ पर्यंत). एका गटाचे दुसऱ्या गटाने दिलेले नाव मूळ नाव म्हणून लिहिण्याची चूक येथे फार होते.

दोन गट एकाच मुळाचे असले तरी त्यांचे रस्ते किती दुरावू शकतात, हेही नोंदवायला हवे. लिबरेशन गटाने १९८२ मध्ये इंडियन पीपल्स फ्रंट काढून उघड राजकारणाची वाट धरली आणि १९९२ मध्ये स्वतः भूमिगत अवस्थेतून बाहेर आला. पीपल्स वॉर जंगलातच राहिला.

विलीनीकरण तपासताना

फुटीपेक्षा विलीनीकरणाची तपासणी अधिक बारकाईने करावी, कारण त्या वेळी दोन्ही बाजू सौजन्याने बोलत असतात आणि कागदपत्रांतून मतभेद पुसलेले असतात. नाव कोणाचे राहिले, संस्थापक म्हणून कोणाला मान्यता मिळाली, नव्या केंद्रीय समितीत कोणाचे किती लोक गेले आणि कोणता प्रश्न ‘पुढील चर्चेसाठी’ ठेवला गेला, हे पाहावे. १९९८ मध्ये पार्टी युनिटी पीपल्स वॉरमध्ये आली तेव्हा नाव पीपल्स वॉर असेच राहिले. तेथे मोठा आणि लहान भागीदार ओळखणे सोपे आहे. २१ सप्टेंबर २००४ रोजी पीपल्स वॉर आणि एमसीसीआय (एमसीसीचे नंतरचे नाव) यांनी मिळून भाकप (माओवादी) स्थापन केला, तेव्हा नाव दोघांचेही नव्हते आणि चारू मजुमदार व कन्हाई चटर्जी या दोघांनाही संस्थापक नेते मानण्यात आले. हे एकीकरण सहज झालेले नाही. नव्वदच्या दशकात बिहारमध्ये पार्टी युनिटी आणि एमसीसीच्या कार्यकर्त्यांनी एकमेकांना ठार मारले होते, आणि त्या हत्यांबद्दल आत्मटीका झाल्याखेरीज वाटाघाटी पुढे सरकू शकत नव्हत्या. गावांतल्या गरीब कुटुंबांनी या भांडणाची किंमत मोजली, हे विलीनीकरणाच्या नोंदीत लिहिलेच पाहिजे. जाहीरनाम्यात ते एखाद्या ओळीत उरकलेले असते.

भाकप आणि माकप यांचे एकीकरण मात्र साठ वर्षांत झालेले नाही. भाकप तत्त्वाधिष्ठित एकीकरणाची भाषा करतो, माकप डाव्या आघाडीच्या संयुक्त कृतीवर भर देतो. १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात भाकपने आणीबाणीच्या पाठिंब्याची चूक मान्य केली आणि दोघांतले अंतर कमी झाले. पण त्याच वळणावर काँग्रेससोबत राहू इच्छिणारे डांगे एकटे पडले आणि १९८१ मध्ये, ज्या पक्षाच्या उभारणीत त्यांचे आयुष्य गेले होते, त्याच पक्षाने त्यांना काढून टाकले. जवळ येण्याच्या प्रत्येक पावलाबरोबर कुणीतरी मागे सुटते, त्यामुळे विलीनीकरणाच्या चौकटीशेजारी ‘बाहेर राहिलेले’ असा रकाना कायम ठेवावा.

साधने आणि सराव

पक्षाची कागदपत्रे, मुखपत्रे, पोलिसांचे अहवाल आणि कार्यकर्त्यांच्या मुलाखती यांपैकी कोणतेही एक साधन पुरेसे नाही. मराठीत भाकपच्या ‘युगांतर’चे आणि माकपच्या ‘जीवनमार्ग’चे जुने अंक एकाच आठवड्याचे घेऊन समोरासमोर वाचावेत, एकाच संपाची बातमी दोघांनी कशी दिली यावरून तेव्हाचे संबंध कळतात. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या पी. सी. जोशी अभिलेखागारात पक्षाचे मूळ दस्तऐवज आहेत. वयस्क कार्यकर्त्यांशी बोलताना ‘पक्ष का फुटला?’ असा प्रश्न विचारला की छापील उत्तर मिळते. त्याऐवजी फुटीच्या वर्षी सभासदत्व कोणाकडे नूतनीकरण केले, वर्गणीची पावतीपुस्तके कोणाकडे गेली, ज्यांच्याशी वाद झाला त्यांच्या घरी पुढे जाणे-येणे राहिले का, असे विचारावे. उत्तरे लिहून घेताना त्या व्यक्तीचा आजचा पक्षही नोंदवावा.

सरावासाठी लाल निशाण पक्ष घ्यावा, कारण त्याचा सारा प्रवास महाराष्ट्रातच घडला आहे. १९४२ मध्ये दुसऱ्या महायुद्धाबाबतच्या कम्युनिस्ट पक्षाच्या धोरणाला विरोध करून बाहेर पडलेल्या मंडळींनी नवजीवन संघटना उभी केली. एस. के. लिमये, यशवंत चव्हाण यांच्यासारखे नेते तिच्यात होते, आणि पुढे दत्ता देशमुखही या प्रवाहात आले. १९६५ मध्ये या प्रवाहाने लाल निशाण पक्ष हे नाव घेतले. १९८८ मध्ये तो फुटला आणि लाल निशाण पक्ष (लेनिनवादी) वेगळा झाला. २०१७ मध्ये मूळ पक्ष भाकपमध्ये विलीन झाला, तर २०२४ मध्ये लेनिनवादी गट भाकप (माले) लिबरेशनमध्ये गेला. हे कागदावर मांडताना लाल निशाणचे उगमस्थान १९४२ च्या भाकपवर दाखवावे, १९६४ च्या चौकटीशी त्याला जोडू नये, १९८८ पासून दोन समांतर रेघा ओढाव्यात आणि त्यांतली पहिली भाकपच्या आजच्या चौकटीत व दुसरी लिबरेशनच्या चौकटीत नेऊन मिळवावी. आणि दोन्ही रेघांवर, मुंबई-पुण्यापासून श्रीरामपूरपर्यंत, कोणत्या युनियनची कोणती शाखा कोणाबरोबर गेली हे भरत जावे.